दहाच्या वरच्या मॅगझीनवर बंदी येतेय, विरोधात बोलायला एक मिनिट आहे. काय बोलू?

कुडाळकर_स्पोकेनवाले
११ फेब्रुवारी २०२२

नमस्कार मंडळी,

विषय इथल्या बऱ्याच जणांना रुचणार नाही, ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगतो, बंदुका चांगल्या की वाईट यावर धागा पेटवायचा नाहीये. मला एका मिनिटाचं बोलणं लिहायला मदत हवी आहे.

मी वॉशिंग्टन राज्यात राहतो. सिएटलच्या बाजूला नव्हे, पार दुसऱ्या टोकाला, स्पोकेनजवळ. घरून निघालं की अर्ध्या तासात आयडाहो लागतं. आमच्याकडे सध्या एसबी ५०७८ नावाचं विधेयक गाजतंय. दहापेक्षा जास्त गोळ्या मावतील असं मॅगझीन (बंदुकीला लावायची गोळ्यांची डबी) राज्यात बनवायचं नाही, बाहेरून आणायचं नाही, विकायचं नाही, विकायला मांडायचं नाही. जवळ आहेत ती ठेवता येतील. मोडलं तर ३६४ दिवसांपर्यंत कैद आणि ५००० डॉलरपर्यंत दंड. परवा ९ तारखेला राज्याच्या सिनेटमध्ये २८ विरुद्ध २० मतांनी पास झालं. आता दुसऱ्या सभागृहाच्या, म्हणजे हाउसच्या सिव्हिल राइट्स अँड ज्युडिशियरी कमिटीपुढे सुनावणी होईल. सुनावणी ऑनलाइन आहे, कुणालाही नाव नोंदवता येतं. फॉर्मवर तीनच पर्याय असतात, प्रो (बाजूने), कॉन (विरोधात) आणि अदर. मी कॉन नोंदवणार आहे. बोलायला मिनिटभर मिळेल असं नेमबाजीच्या क्लबातले जाणते लोक सांगतात.

आता माझी पार्श्वभूमी, म्हणजे सल्ला देताना सोपं जाईल. गाव कुडाळ तालुक्यात. आजोबांकडे शेतीसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलिस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, हे लहानपणी इतक्यांदा पाहिलंय की मला वाटायचं, मत द्यायच्या आधी सगळेच काहीतरी जमा करून येतात. कॉलेजात एनसीसीची .२२ रायफल. इथे आल्यावर ऑफिसातल्या एका गोऱ्या मित्राने रेंजवर नेलं, आणि गेली नऊ वर्षं मी महिन्यातले दोन रविवार मॅच खेळतो. पुठ्ठ्याची आणि लोखंडी टार्गेटं, कानाशी टायमरची पीं, आणि पळत पळत नेम. पिस्तूल ग्लॉक १७. तिच्या कंपनीच्या मॅगझीनमध्ये १७ गोळ्या बसतात. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतली तेव्हापासून सतराच. म्हणजे ज्याला विधेयकात 'लार्ज कपॅसिटी' म्हटलंय ते माझ्याकडे पिस्तुलाच्या खोक्यातच आलं होतं, मी मुद्दाम मोठं काही शोधून आणलेलं नाही.

माझ्याकडे आठ मॅगझीन आहेत. बुडावर पांढऱ्या पेंट-पेनने १ ते ८ आकडे काढलेत, मराठीत. क्लबातल्यांना ती नक्षी वाटते. त्यातलं नंबर सात गेल्या उन्हाळ्यात भर मॅचमध्ये अडकलं. एक गोळी चेंबरच्या तोंडाशी आणि दुसरी तिच्या पाठीवर. टायमर चालू, मी तिथे खटपट करतोय, मागे दहा माणसं बघतायत. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. बुडाची पट्टी सरकवली तर स्प्रिंग उडाली ती थेट फ्रीजवर. बायको म्हणाली, "हेच काय ते संरक्षण?" नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून पाहिली तर चांगली दोन पेरं आखूड झाली होती. आत सगळा आमच्या भागातला करडा फुफाटा.

सांगायचं ते हेच. मॅगझीन झिजतं. पत्र्याची-प्लास्टिकची डबी, आत स्प्रिंग, वर सरकणारा फॉलोअर, खाली पट्टी. मॅचमध्ये गोळ्या संपल्या की ते धुळीत टाकून पुढे पळायचं असतं. मोटरसायकलला टायर लागतात तशी ती लागतात. विधेयक म्हणतं, आहेत ती ठेवा. पण नवं मिळणार नसेल तर 'ठेवा' याला अर्थ काय? त्यात व्याख्या अशी की असं मॅगझीन जुळवता येईल असे सुटे भाग एकाच माणसाकडे असले तरी ते मॅगझीनच. आणि 'बनवणे' यात हाताने बनवणंही आलं. मग मी टेबलावर दोन मोडक्यांतून एक चालू केलं तर मी उत्पादक झालो का?

क्लबातले म्हणतात, स्वसंरक्षणावर बोल, रात्री तीन चोर शिरले तर काय, असं सांग. मला ते जमणार नाही. अकरा वर्षांत आमच्या घराशी अंगावर येण्याइतकी सलगी फक्त एका मूसने (सांबराच्या जातीचं थोराड जनावर) केली आहे, आणि तोही भोपळ्यासाठी.

दोन प्रश्न. एक, मिनिटभरात काय बोलू? दोन, माझ्याकडे ग्रीनकार्ड आहे, नागरिकत्वाचा अर्ज पुढच्या वर्षी करायचाय. असल्या विषयावर नाव नोंदवलं तर पुढे आडवं येईल का?

*

एडिसनचा_अण्णा
११ फेब्रुवारी २०२२

राव, तुम्हाला आहेत ती ठेवायला मिळतायत यातच समाधान माना. आमचं काय झालं ते सांगतो.

न्यू जर्सीत १९९० पासून १५ ची मर्यादा होतीच. जून २०१८ मध्ये गव्हर्नर मर्फींनी सही करून ती १० वर आणली. आणि जुनी ठेवायची सोय नाही. १८० दिवस दिले, डिसेंबरच्या १० तारखेपर्यंत. तोवर एकतर कायमची बदलून दहाची करायची, नाहीतर ज्याला ठेवायचा हक्क आहे त्याला विकायची, नाहीतर पोलिसांत नेऊन द्यायची. त्यानंतर घरात सापडलं तर चौथ्या दर्जाचा गुन्हा, १८ महिन्यांपर्यंत तुरुंग.

माझ्याकडे १५ ची पाच होती. दोन एका कारागिराकडून आत ठोकळा बसवून, वरून रिव्हेट मारून घेतली. बाहेरून तीच डबी, तीच लांबी, फक्त अकरावी गोळी जात नाही. अंगठ्याने दाबून बघायची सवय अजून जात नाही. उरलेली तीन पेनसिल्व्हेनियातल्या मेहुण्याला दिली. ती आता त्याच्याकडे फिशिंगच्या सामानात पडलीत, आणि मी दिवाळीला गेलो की बघून येतो, माहेरी गेल्यासारखा.

मी तेव्हा राजधानीत, ट्रेंटनला, बोलायला गेलो नाही. आमच्या इथे मंडळाच्या गणपतीत हजार माणूस येतो, पण अशा कामाला तोंड कोण उघडणार? लोक काय म्हणतील, मुलांच्या शाळेत काय म्हणतील. तुम्ही बोला. स्प्रिंगचंच बोला. सेकंड अमेंडमेंट (घटनेतला शस्त्र बाळगायचा हक्क), स्वातंत्र्य वगैरे बोलायला तिथे शंभर जण असतील.

*

मृण्मयी_बॉथेल
१२ फेब्रुवारी २०२२

कुडाळकर, मी याच राज्यात आहे आणि मी प्रो नोंदवणार आहे. भांडायला आले नाहीये, पण तुमचा धागा वाचून रात्रभर डोक्यात होता म्हणून लिहिते.

मुकिल्टिओ आमच्याकडून पंचवीस मिनिटांवर. जुलै २०१६ मध्ये तिथे एका घरात मुलांची पार्टी चालली होती. एकोणीस वर्षांचा मुलगा नवी रायफल घेऊन आला, तीस गोळ्यांचं मॅगझीन. त्याच्याच वयाची तीन मुलं गेली. गोळ्या झाडायच्या आधी गाडीत बसून तो रायफलचं माहितीपुस्तक वाचत होता. अ‍ॅटर्नी जनरल हे विधेयक इतकी वर्षं पुन्हापुन्हा आणतायत त्याच्यामागे ती तीन मुलं आहेत.

आणि अ‍ॅरिझोनातलं टूसॉन आठवा. जानेवारी २०११, खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावरचा हल्ला. त्याच्या पिस्तुलात ३३ चं मॅगझीन होतं, तुमच्याच कंपनीची पिस्तूल. सहा जण गेले, त्यात नऊ वर्षांची एक मुलगी. ते संपल्यावर दुसरं भरायला गेला तेव्हा लोकांनी त्याला खाली पाडला. एका बाईंनी मॅगझीन हिसकलं. ते दहाचं असतं तर तो क्षण कधी आला असता, एवढंच मला विचारायचंय.

माझी धाकटी पहिलीत आहे. लॉकडाउन ड्रिलमध्ये (शाळेत बंदूकवाला शिरला तर लपायचा सराव) बाई त्यांना "सशासारखं गप्प" बसायला सांगतात. ती घरी येऊन कपाटात बसून दाखवते.

आणि एक सांगू का, राग मानू नका. तुमच्या आजोबांची ठासणीची होती म्हणता. एका बाराची. त्यांनी बाग राखलीच ना?

*

कुडाळकर_स्पोकेनवाले
१२ फेब्रुवारी २०२२

मृण्मयीताई, राग कसला.

आजोबांचं आधी. दारू ओतायची, चिंध्या कोंबायच्या, छरे टाकायचे, गजाने ठासायचं, मग केप लावायची. तोवर डुक्कर बागेच्या पार आणि आजोबा शिव्यांत. त्यांचा एक बार चुकला की त्या रात्रीपुरता विषय संपायचा. बाग राखली ती कुत्र्यांनी आणि आजीच्या पत्र्याच्या डब्याने. पण तुमचा टोला बसला, हे कबूल.

टूसॉनचं उत्तर माझ्याकडे नाही. ते घडलं तसंच घडलं. उलट बाजूला व्हर्जिनिया टेक विद्यापीठातला गोळीबार आहे, २००७. ३२ जण मारले, मॅगझीन १० ची आणि १५ ची. नंतर राज्याने नेमलेल्या समितीने लिहिलं की दहाचीच असती तरी त्या घटनेत फारसा फरक पडला नसता. मॅगझीन बदलायला लागतो किती वेळ? मी काही चॅम्पियन नाही, पन्नाशीला आलोय, गुडघा दुखतो, तरी मला दोन सेकंद पुरतात.

आणि देशभर हे करून झालंय. १३ सप्टेंबर १९९४ ते १३ सप्टेंबर २००४, दहा वर्षं हीच दहाची मर्यादा होती. आधी बनलेल्यांना सूट होती, म्हणून दुकानांत जुनी विकली जातच होती. संशोधक क्रिस्टोफर कोपर यांच्या २००४ च्या अहवालात निष्कर्ष असा की कायदा पुढे चालू ठेवला तरी परिणाम फार तर थोडा, कदाचित मोजताही न येण्याइतका असेल.

*

मृण्मयी_बॉथेल
१२ फेब्रुवारी २०२२

दोन सेकंद पुरतात ना? मग दहाची वापरा की. मॅचमध्ये दोन सेकंद जास्त जातील, सगळ्यांचेच जातील. तुमचंच वाक्य तुमच्यावर उलटतंय.

आणि कोपर यांचं अर्धंच सांगताय. परिणाम दिसला नाही त्याचं मोठं कारण त्यांनी हेच दिलंय की जुना साठा प्रचंड होता. म्हणजे बंदी ढिली होती, निरुपयोगी होती असं नाही.

*

कुडाळकर_स्पोकेनवाले
१२ फेब्रुवारी २०२२

हे वाक्य बोलण्यातून काढून टाकलं. थँक्यू, खरंच. कमिटीपुढे कुणी असं पकडलं असतं तर तत पप झालं असतं.

*

कलमबहाद्दर
१३ फेब्रुवारी २०२२

विधेयकाचा पूर्ण मजकूर काढून वाचला. (रविवार, आणि पाऊस. दुसरं काय करणार.)

ग्रीनकार्डवाल्याने विधेयकावर मत मांडायला हरकत नाही. ते मतदान नव्हे. नागरिकत्वाच्या अर्जात विचारतात ते मतदार म्हणून नोंदणी केली होती का, मत दिलं होतं का. त्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नका, ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात कुणी फॉर्म पुढे सरकवला तरी. बाकी, नोंदवलेलं नाव आणि भूमिका सरकारी दफ्तरात जाते आणि ती कुणालाही बघता येते, हे धरून चाला. ऑफिसात कुणी शोधलं तर सापडेल. मी वकील नाही, अर्जाच्या आधी एखाद्याला विचारून घ्या.

आता मजकूर. आयडाहोला मॅचला जाऊन परत आलात तर ती 'आयात' होईल का, ही भीती असेल तर काढून टाका. व्याख्येत स्पष्ट आहे की जाताना नेलेलंच मॅगझीन परत आणलं तर ती आयात नाही. म्हणजे हा मुद्दा मांडू नका, न वाचता आलात असं दिसेल.

'वितरण' मात्र वाचा. मोबदला घेऊन किंवा न घेता, कसंही. तुमच्या मुलीला तुमचं मॅगझीन दिलंत तरी ते वितरण, असा माझा अर्थ.

आणि मजेची गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. .२२ च्या नळीच्या मॅगझीनला (डबीऐवजी लांब नळी, तीत गोळ्या एकामागे एक) सूट आहे. लिव्हरवाल्या रायफलीच्या नळीलाही सूट, मग ती कितीही बोअरची असो. म्हणजे नळीत चौदा चालतात, डबीत अकरा चालत नाहीत.

अवांतर: विरोध करून काही होत नाही असं समजू नका. व्हर्जिनियात २०२० मध्ये एचबी ९६१ आलं होतं. त्यात १२ च्या वरच्या मॅगझीनवर बंदी होती. हाउसमध्ये ५१ विरुद्ध ४८ ने पास झालं. पुढे सिनेटच्या कमिटीत डेमोक्रॅटांचंच बहुमत, तरी त्यांतल्या चौघांनी रिपब्लिकनांबरोबर मत दिलं आणि १० विरुद्ध ५ ने ते पुढच्या वर्षावर ढकललं. त्याच्या आधी महिनाभर, २० जानेवारीला, राजधानी रिचमंडच्या थंडीत विरोधाला अंदाजे २२,००० माणसं जमली होती. कोलोरॅडोत २०१३ मध्ये उलटं झालं. १५ ची मर्यादा पास झाली, सप्टेंबरमध्ये मतदारांनी दोन सिनेटरांना मुदतीआधीच पदावरून काढलं, त्यांतला एक तर सिनेटचा अध्यक्ष. मॅगझीन बनवणारी मॅगपुल कंपनी राज्य सोडून गेली. कायदा आहे तिथेच आहे.

*

बारा_बोअर
१४ फेब्रुवारी २०२२

कोल्हापुरातून दंडवत.

तुमच्या सतरा गोळ्यांची चर्चा वाचून इकडे आम्ही गालातल्या गालात हसतोय. आमच्याकडे ९ एमएम म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, साध्या परवान्यावर बघायलाही मिळत नाही. पण कायदा येतोय म्हटल्यावर पोटात गोळा कसा येतो ते आम्हाला चांगलं माहीत आहे, म्हणून लिहितो.

२०१९ साली शस्त्र कायद्याची दुरुस्ती आली. १९८३ पासून परवान्यावर तीन हत्यारं ठेवता येत होती. मसुद्यात लिहिलं एकच. आमच्या घरात तीन होती. आजोबांची डबल बार बारा बोअर, वडिलांचं .३२ रिव्हॉल्वर आणि माझी .२२ रायफल. एक ठेवायची तर कुठली? वडील आठ दिवस जेवणात लक्ष देत नव्हते. नेमबाजीवाले बोलले, जुन्या घराण्यांतले बोलले, खासदार बोलले. मी पण पत्र धाडलं. शेवटी डिसेंबरमध्ये लोकसभेत ९ तारखेला आणि राज्यसभेत १० ला पास झालं तेव्हा एकाचे दोन झाले होते. खेळाडूंना वेगळी सूट. तिसरं वर्षाच्या आत ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा.

पत्रात मी काय लिहिलं ते सांगतो. आधी चार पानं लिहिली होती, घटना, हक्क, शिवाजी महाराज, सगळं. आमच्या चिरंजीवाने ती फाडली. म्हणाला, बाबा, बंदुकीवरच्या पितळी पट्टीचं लिहा. तिच्यावर पणजोबांचं नाव आणि मोडीत साल कोरलंय. मग तेवढंच लिहिलं, अर्धं पान. त्याने काही झालं असं मी म्हणत नाही. पण खासदारांच्या ऑफिसातून फोन आला तो त्या पट्टीबद्दल विचारायला.

गेलं ते रिव्हॉल्वर. बारा बोअर आहे अजून.

*

कुडाळकर_स्पोकेनवाले
१५ फेब्रुवारी २०२२

मंडळी, खूप आभार. नळी आणि डबी मी वाचलंच नव्हतं! आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याकडे मार्लिन ६० आहे, नळीत चौदा बसतात. माझ्या मुलीची रुगर १०/२२, तिला कंपनीचंच दहाचं मॅगझीन, त्याबद्दल आम्ही कधी तक्रार केली नाही. म्हणजे दहाने माझं काही अडतं असं नाही. अडतं ते नवं मिळणार नाही याने.

कच्चा मसुदा. बोलणार इंग्रजीत, इथे मराठीत देतो:

"मी नऊ वर्षं मॅच खेळतो. मुलांचा जीव वाचवायला हे आणलंय हे मला समजतं, आणि पार्श्वभूमी तपासणी किंवा कुलूपबंद ठेवणं याला माझा विरोध नाही. माझ्या हातात हे नंबर सातचं मॅगझीन आहे. याची स्प्रिंग दबून आखूड झाली आहे. तुमचं विधेयक म्हणतं, हे मी ठेवू शकतो. पण ते दुरुस्त करताना मी काय केलं तर गुन्हेगार होतो हे त्यातून मला कळत नाही. माझ्या शेजाऱ्याच्या नळीत चौदा गोळ्या कायदेशीर आहेत, माझ्या डबीतली अकरावी नाही. अर्ध्या तासावर आयडाहो आहे, तिथे हे उद्याही दुकानात मिळेल. ज्याला वाईट करायचंय तो तिथे जाईल. मी जाणार नाही, म्हणून याची झळ मला बसेल. निदान सुटे भाग आणि दुरुस्ती यांना स्पष्ट सूट द्या."

घड्याळ लावून म्हटलं, पन्नास सेकंद. ऑनलाइन कॅमेऱ्यापुढे मॅगझीन हातात धरणं बरोबर दिसेल का?

*

एडिसनचा_अण्णा
१५ फेब्रुवारी २०२२

नको!! स्प्रिंग धरा फक्त.

*

मृण्मयी_बॉथेल
१५ फेब्रुवारी २०२२

मी अजूनही प्रोच. पण सुट्या भागांचं शेवटचं वाक्य पहिलं करा. मागणी आधी सांगितली तर ऐकणाऱ्याला कळतं तुम्ही कशाला आलात. (शाळेतल्या आमच्या पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, मीटिंगांतून आलेलं शहाणपण.) आणि लेखी पाठवायला सुनावणी सुरू झाल्यापासून २४ तास असतात, तेही करा.

*

कुडाळकर_स्पोकेनवाले
२५ फेब्रुवारी २०२२

सुनावणी होऊन गेली. सांगायला उशीर केला कारण लाज वाटत होती.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून जोडलो. बाहेर उणे सहा, हीटर चालू. माझ्या आधी एक बाई बोलल्या, त्यांचा मुलगा गेला होता. कसा गेला ते त्यांनी सांगितलं. त्यांचं संपलं आणि लगेच माझं नाव. मी बोलायला लागलो, छान, मागणी आधी, मृण्मयीताईंनी सांगितल्याप्रमाणे. समोर सगळे चेहरे शांत. मग कुणीतरी हाताने खूण केली. मी म्यूटवर होतो.

पुन्हा सुरुवात करताना वाटलं, त्या बाईंच्या मागोमाग हे स्प्रिंगचं काय घेऊन बसलोय मी. "आय अ‍ॅम सॉरी फॉर युअर लॉस" म्हणालो, त्यात काही सेकंद गेले. नंबर सातचं सांगितलं. नळी-डबी राहूनच गेलं. आयडाहोपर्यंत पोचलो आणि वेळ संपला. स्प्रिंग दाखवायची होती ती मांडीवर होती, ती सीटखाली गेली.

रात्री लेखी पाठवलं, नळी, डबी, 'हाताने बनवणे', सगळं घालून. पीटीएच्या क्रमाने.

*

कलमबहाद्दर
५ मार्च २०२२

काल हाउसमध्ये पास झालं, ५५ विरुद्ध ४२. सिनेटच्या मजकुरात बदल न करता. म्हणजे सुट्या भागांची व्याख्या आहे तशीच. आता फक्त गव्हर्नरांची सही. १ जुलैपासून लागू.

*

कुडाळकर_स्पोकेनवाले
५ मार्च २०२२

कळलं. ५५-४२ म्हणजे माझ्या म्यूटमुळे पडलं असं तरी कुणी म्हणणार नाही.

*

एडिसनचा_अण्णा
२४ मार्च २०२२

काल तुमच्या गव्हर्नर इन्स्लींनी सही केली, बातमी वाचली. आता कोर्टात जाईल, आमच्यासारखंच. आमचं २०१८ च्या डिसेंबरात थर्ड सर्किट या संघीय अपील कोर्टाने उचलून धरलं. तीन महिने आहेत तुमच्याकडे, लागतील ती घेऊन ठेवा.

*

कुडाळकर_स्पोकेनवाले
२ जुलै २०२२

धागा वर काढतोय, शेवटचं सांगून ठेवतो.

जूनच्या शेवटच्या शनिवारी दुकानात गेलो. रांग दाराबाहेर, आणि रांगेत माझ्यासारखे नेहमीचे दोन-चारच, बाकी आयुष्यात मॅच न पाहिलेले. एकाच्या ढकलगाडीत रायफलीची तीसवाली चाळीस तरी असतील. मृण्मयीताई, ते बघून तुमची आठवण झाली, खोटं कशाला बोलू. मी चार घेतली आणि दहा स्प्रिंगांचं पाकीट. घरी येऊन ९ ते १२ आकडे काढले.

*

मृण्मयी_बॉथेल
२ जुलै २०२२

नंबर सात दुरुस्त झालं का?

*

कुडाळकर_स्पोकेनवाले
४ जुलै २०२२

नवी स्प्रिंग घातली. कालच्या मॅचला चार स्टेज लोण्यासारखं चाललं. पाचव्याला पुन्हा तेच, एकीच्या पाठीवर दुसरी. घरी उजेडात धरून पाहिलं तर तोंडाशी प्लास्टिकला केसाएवढी चीर गेली आहे. तिला काही इलाज नाही. फॉलोअर आणि स्प्रिंग काढून घेतली, रिकामी डबी कपाटाच्या खणात ठेवलीय.